खडा टोचतो, पुठ्ठा वाचवतो

पेन्सिलीचं टोक तळहातावर हलकेच दाबून बघा. टोचलं ना? आता मध्ये वहीचा जाड पुठ्ठा धरा आणि तेवढ्याच जोरानं दाबा. जोर तोच, पण टोचत नाही! आधी सगळा जोर एका ठिपक्यावर येत होता, पुठ्ठ्यानं तो मोठ्या जागेवर पसरवला. जागा वाढली की दाब कमी होतो. पळायचे बूट निवडताना हा पुठ्ठा फार कामाचा आहे.

सुरतच्या डिंडोलीत जळगाव, धुळे, नंदुरबारकडची कितीतरी घरं आहेत. तिथल्या दोस्तांनो, तुम्ही सकाळी पळायला निघालात की पायाखाली डांबर येतं, सिमेंट येतं आणि बांधकामाजवळ सांडलेली खडीही येते. उन्हाळ्यातल्या दुपारी तर डांबरावर अनवाणी पाऊल ठेववत नाही. मग जाडजूड, गुबगुबीत बूटच घ्यायचे का?

थांबा. तुमच्या एकेका पावलात 26 हाडं आहेत. तळव्याच्या कातडीत चेतातंतूंची असंख्य टोकं आहेत. जमीन कलती आहे, खडबडीत आहे, ही खबर ती क्षणात मेंदूकडे धाडतात. मऊ थर फार जाड झाला की ही खबर अंधूक होते. 2010 साली हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की अनवाणी पळायची सवय असलेले बरेच जण आधी चवडा टेकवतात. त्यामुळे पाऊल पडताना बसणारा झटका कमी होतो. बूट घालून पळणारे बहुतेक जण आधी टाच आपटतात.

इथिओपियाच्या अबेबे बिकिलानं तर 1960 साली रोम ऑलिंपिकची अख्खी मॅरेथॉन अनवाणी जिंकली, 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत! पण 1964 साली टोकियोत तो बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला, तेही आणखी कमी वेळात. आपल्या नाशिक जिल्ह्यातली कविता राऊतही सुरुवातीला अनवाणीच पळायची. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं.

बुटाचं वजनही बघा. एका किलोमीटरला तुमची हजाराहून जास्त पावलं पडतात, आणि प्रत्येक पावलाला बूट उचलावा लागतो. दर बुटामागे 100 ग्रॅम वाढले, की पळायला साधारण एक टक्का जास्त ऊर्जा लागते.

म्हणून मला आवडतो तो हलका, पातळ तळाचा, पण चवड्याखाली चिवट थर असलेला बूट. डोंगरवाटांवर पळायच्या काही बुटांत तर खरोखरच एक पातळ, ताठ पट्टी बसवलेली असते. तोच आपला पुठ्ठा!

दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. घरून कागदावर पावलाची बाह्यरेषा काढून न्या आणि बूट त्यावर ठेवा. रेषा बाहेर डोकावली तर बोटं आत चेपणार. मग बूट घालून उभे राहा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. चवड्याच्या जागी बूट सहज वाकायला हवा. आता तळाला बाहेरून बोटानं जोरात दाबा. आत घातलेल्या दुसऱ्या हाताला दाब कळला पण टोचलं नाही, तर जोडी कामाची.

नव्या पातळ बुटांत पहिल्याच दिवशी लांब पळू नका. पोटऱ्यांना जास्त काम पडतं, त्या दुखतात. आधी थोडंसंच पळा, बाकीचं चाला. आणि कागदावरची ती रेषा दर तीन-चार महिन्यांनी नव्यानं काढा, तुमची पावलं अजून वाढताहेत!