गाडी विकली, पण नाव कुणाचं?

सभासद बंधूंनो, उसाचं बिल जमा झालं की जुन्या गाड्यांचे सौदे सुरू होतात. गटात फिरताना आम्ही विचारतो, "दादा, जीप विकलीत, नाव बदललं का?" उत्तर ठरलेलं : "कागदावर सही घेतलीय की!"

तेवढ्यानं भागत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवावयाचे असते. नमुना २९ व ३० भरावेत. घेणाऱ्यानेही विमा आपल्या नावे करण्यासाठी १४ दिवसांतच अर्ज द्यावा. गाडी पुढे कितीही हातांत फिरली, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव त्याची, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे.

सातबाऱ्याला नाव लागेपर्यंत आपण स्वस्थ बसत नाही. गाडीचंही तसंच धरा.