पाण्यात साप दिसले की उद्या गोवा!

अरबी समुद्रात आहात, चहूकडे पाणी, आणि अचानक लाटांवर साप वळवळताना दिसतात. आपली बोबडी वळेल. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज खलाशांचा मात्र जीव भांड्यात पडायचा. साप दिसले म्हणजे हिंदुस्थानचा किनारा जवळ आला. वारा धार्जिणा असला तर दुसऱ्याच दिवशी जमीन नजरेस पडणार!

ही हकीकत लिहून ठेवली ती तिशीतल्या एका इंग्रज तरुणाने. १५७९ मध्ये गोव्यात उतरल्यावर पंधरवडाभराने, १० नोव्हेंबरला, त्याने वडिलांना खुशालीचं पत्र धाडलं. थॉमस स्टीफन्स हे त्याचं नाव. मराठी वाचकाला ते ओळखीचं वाटेल, कारण ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर स्टीफन्स ते हेच. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या अनेकांनी वाचलेल्या असतात. त्या ओव्यांपर्यंत पोचण्याआधी हा माणूस गोव्यापर्यंत कसा पोचला, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ती विलक्षण आहे.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमाराचा, इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन या गावचा. वडील व्यापारी. प्रोटेस्टंट राणी एलिझाबेथच्या राज्यात स्टीफन्स यांच्यासारखं कॅथलिक असणं दिवसेंदिवस जिवावर बेतू लागलं होतं. थॉमस पाउंड या मित्राबरोबर रोमला जायचं त्यांनी ठरवलं, पण पाउंड पकडले गेले आणि पुढे वर्षानुवर्षं तुरुंगात राहिले. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले आणि १५७५ मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मप्रसारक संघात दाखल झाले. धर्मप्रसारासाठी त्यांना पूर्वेकडे जायचं होतं आणि त्यासाठी वाट एकच होती. पोपने त्या भागातल्या धर्मप्रसाराचा अधिकार पोर्तुगालच्या राजाला दिलेला असल्यामुळे इंग्रज असो वा इटालियन, मिशनऱ्याने लिस्बनलाच जहाजात पाय ठेवायचा.

४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजं लिस्बनहून निघाली. कर्णे वाजले, तोफा झडल्या. जहाजांवर खलाशी आणि सैनिक होतेच, शिवाय बायका आणि मुलंही होती. निघायचा हा मुहूर्त पंचांगाने ठरत नसे, पावसाळ्याने ठरे. हिंदी महासागरात जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून वारा वाहतो. त्या वाऱ्याच्या शेवटच्या महिन्यांत आफ्रिकेला वळसा घालून वर यायचं आणि तो थांबता थांबता गोव्याला लागायचं, असं हे गणित. लिस्बनहून निघायला उशीर झाला की सगळंच फिसकटे.

नकाशात पाहिलं तर वाटतं, आफ्रिकेचा किनारा धरून सरळ खाली गेलं की झालं. वारा तसं जाऊ देत नाही. गिनीच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्तालगत एक पट्टा आहे. तिथे वारा कधी दिवसेंदिवस पडून राहतो, तर कधी एकाएकी वीजपावसाचं थैमान घालतो. उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून येणारे वारे तिथे एकमेकांना भेटतात, तापलेली हवा वर चढते आणि खाली समुद्रावर शिडं लोंबकळत राहतात. स्टीफन्स यांच्या जहाजाने हे सगळं भोगलं. या पट्ट्यातून सुटल्यावर दक्षिण अटलांटिकात आग्नेयेकडून येणारा वारा तोंडावर बसतो. म्हणून खलाशी आफ्रिकेला पाठ करून ब्राझीलच्या दिशेने निघत, खूप दक्षिणेला जाऊन पश्चिमेचा वारा पकडत आणि तो त्यांना आफ्रिकेच्या टोकाकडे ढकलत नेई. पूर्वेला जाण्यासाठी आधी पश्चिमेला जायचं!

या प्रवासातली खरी अडचण मात्र वाऱ्याची नव्हती. आपण नेमके कुठे आहोत, हेच कळत नसे. उत्तर-दक्षिण अंतर कळायचं. दुपारच्या सूर्याची उंची मोजली की अक्षांश निघे. पण पूर्व-पश्चिम कसं मोजायचं? पृथ्वी दर तासाला १५ अंश फिरते. त्यामुळे रेखांश काढायचा तर निघालेल्या बंदरात आत्ता किती वाजलेत, हे जहाजावर अचूक कळायला हवं. हलत्या जहाजावर वेळ न चुकवणारं घड्याळ बनायला अठरावं शतक उजाडलं. स्टीफन्स यांनी ही अडचण नेमकी पकडली होती. आकाशात पूर्व-पश्चिमेसाठी धरून ठेवावा असा एकही स्थिर बिंदू नाही, असं ते वडिलांना समजावून सांगतात.

मग नाखवे काय करत? दिसेल त्या खुणेवरून वाट काढत. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळली आहे ते पाहत. ही ढळ जागोजाग बदलते आणि त्या काळी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ ती जवळपास शून्यावर येई, म्हणजे सुईच सांगे की टोक आलं. दुसरी खूण पक्ष्यांची. कोणत्या जातीचा पक्षी, कुठे, किती संख्येने दिसला यावरून जमीन किती लांब आहे याचा अंदाज बांधला जाई. शिकलेल्या तरुण जेझुइटाने हे खलाशी ज्ञान गावंढळ म्हणून बाजूला सारलं नाही. विचारून, समजून घेऊन त्याने ते टिपून ठेवलं.

त्यांची नजर किती तल्लख होती याचा एक मासला पाहा. पाण्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखं, पण त्याहून कितीतरी सुंदर रंगाचं काहीतरी तरंगताना त्यांना दिसलं. त्याच्याखाली दोऱ्या लोंबत होत्या. ते इतकं विषारी की हात लावणं धोक्याचं, असं त्यांनी नोंदवलं आहे. मुंबईत जुहूच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वाहून येणारी ‘ब्लू बॉटल’ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिच्या या जातभाईची ओळख लगेच पटेल. वरचा तुरा म्हणजे हवा भरलेला फुगा. हा एक प्राणी दिसत असला तरी प्रत्यक्षात ती वेगवेगळी कामं वाटून घेतलेल्या जीवांची वसाहत असते. खालच्या दोऱ्या तुरा कलंडू नये म्हणून आहेत, असं स्टीफन्स यांना वाटलं. त्या खरं तर भक्ष्याला डंख मारून पकडणाऱ्या शुंडा. कारण चुकलं, निरीक्षण अचूक.

२९ जुलैला जहाजाने आफ्रिकेचं टोक ओलांडलं. पुढे दोन वाटा फुटतात. मादागास्करच्या आतून गेलं तर मोझांबिकला ताजं पाणी आणि फळं मिळतात. बाहेरून गेलं तर तेवढ्या लांब पल्ल्यात काहीच नाही. टोक गाठायला उशीर झाला की बाहेरची वाट घ्यावी लागे, आणि यांच्या नशिबी तीच आली. मग तो भयंकर आजार सुरू झाला. हिरड्या सुजून इतक्या वाढायच्या की कापून टाकाव्या लागत. पाय सुजत. अंगातलं त्राण जाई. हा स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाचा अभाव. माणसाचं शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही आणि ताजी फळं-भाजी बंद झाली की साठा काही महिन्यांत संपतो. त्या जहाजावर २७ माणसं गेली. इतर खेपांच्या मानाने हा आकडा फारसा मोठा मानला गेला नाही, आणि पत्रातली सर्वांत अंगावर येणारी गोष्ट हीच.

एवढं सोसून झाल्यावर नाखव्यांचा अंदाजच चुकला. हिंदुस्थान आला असं वाटत असताना जहाज निघालं सोकोत्रा बेटाजवळ, एडनच्या आखाताच्या तोंडाशी! तिथून गोवा दोन हजार किलोमीटरांहून लांब. रेखांश न कळण्याची ही किंमत. सागरी प्रवाहांनी जहाजाला कुठल्या कुठे नेलं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता.

तिथून पूर्वेकडे वळल्यावर खुणा एकेक करून दिसू लागल्या. आधी हिंदुस्थानचे पक्षी. मग वाहत आलेल्या माडांच्या झावळ्या आणि लव्हाळी. मग ते साप. आणि त्यांच्याबरोबर पाण्यावर तरंगणारी नाण्याएवढी गोल चकती, निसर्गानेच टाकसाळीत ठसा मारून सोडल्यासारखी. ती बहुधा ‘पोर्पिटा’ असावी. तिच्या चकतीवर खरोखरच वर्तुळाकार रेघांची नक्षी असते. साप म्हणजे आपल्या किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहणारे समुद्रसर्प. स्टीफन्स यांच्या दीड हजार वर्षं आधी एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेतही सिंधूच्या मुखाकडे आणि भडोचकडे येणाऱ्यांना हीच खूण सांगितलेली आहे. दीड हजार वर्षं नाखवे बदलले, जहाजं बदलली, साप त्याच जागी पहारा देत राहिले.

२४ ऑक्टोबर १५७९. लिस्बन सोडल्याचा २०३ वा दिवस. जहाज गोव्याला लागलं.

वडिलांना लिहिलेलं ते पत्र पुढे लंडनमध्ये रिचर्ड हॅकलूट यांच्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापलं गेलं. ज्या सागरी मार्गाची गुपितं पोर्तुगीज जपून ठेवत होते, त्याचं प्रत्यक्षदर्शी वर्णन इंग्रज व्यापाऱ्यांच्या हाती पडलं ते असं. १५८३ च्या अखेरीस इंग्रज व्यापारी राल्फ फिच आणि त्याचे सोबती हेर समजून गोव्यात कैद झाले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवण्यासाठी खटपट करणाऱ्यांत स्टीफन्स होते. या फिचची माहिती पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या कामी आली. धर्मासाठी घर सोडलेल्या माणसाचा व्यापाराच्या इतिहासाला असा हात लागला.

गोव्यात स्टीफन्स यांची नेमणूक साष्टी या भागात झाली आणि पुढच्या जवळपास चाळीस वर्षांतला बहुतेक काळ ते तिथेच राहिले. ती साष्टी शांत नव्हती. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांचा छडा लावणारं धर्मन्यायालय होतं. १५६७ मध्ये साष्टीतली देवळं पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केलं आणि त्याचा सूड म्हणून गावच्या पुढाऱ्यांना दगाफटक्याने मारण्यात आलं. स्टीफन्स या सत्तेच्याच बाजूचे होते. हे विसरून त्यांचं कौतुक करता येत नाही.

पण त्याच वर्षी, ऑक्टोबर १५८३ मध्ये, त्यांनी आपल्या भावाला एक पत्र लिहिलं. इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असं त्यात आहे. विल्यम जोन्सनी कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्याचं सांगितलं ते १७८६ मध्ये, म्हणजे बरोबर २०३ वर्षांनी. जोन्सनी संस्कृत ग्रंथांचा अभ्यास केला होता. स्टीफन्स यांना हे साम्य दिसलं ते साष्टीतल्या लोकांचं बोलणं ऐकता ऐकता. समुद्रात पक्षी आणि साप न्याहाळणारी तीच सवय, आता कानांनी चालू होती.

गावात बोलली जाई ती कोंकणी. देवाधर्माच्या कथा ऐकल्या जात त्या मराठी ओव्यांतून. स्टीफन्स यांनी दोन्ही आत्मसात केल्या. कोंकणीचं त्यांनी लिहिलेलं व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, साष्टीतल्या राशोलला छापलं गेलं. कोंकणीचं ते पहिलं छापील व्याकरण. मराठीत त्यांनी जे केलं ते त्याहून धाडसाचं. जुन्या पोथ्यांवर बंदी आलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी बायबलमधली कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत रचली, पुराणाच्या थाटात. सुरुवातीलाच मराठीला फुलांतल्या मोगरीचा आणि सुगंधांतल्या कस्तुरीचा मान दिला. पैठणला एकनाथ ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करत होते ते १५८४ साल. त्यानंतर साष्टीत एक इंग्रज हीच ओवी गिरवणार होता!

हे पुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. स्टीफन्स यांची इच्छा वेगळी होती. १६०८ मध्ये त्यांनी रोमला आपल्या वरिष्ठांना लिहिलं की या प्रांतात इथल्याच लिपीत पुस्तकं छापावीत असं फार वर्षं मनात आहे. आड आलं ते खिळ्यांचं गणित. युरोपात २४ खिळ्यांवर भागतं, तर इथे जोडाक्षरं आणि काना-मात्रांसह ६०० साचे लागतील असा हिशेब होता. देवनागरी खिळे वापरून मराठीचं व्याकरण छापून निघालं ते १८०५ मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांच्या हातून.

स्टीफन्स १६१९ मध्ये गोव्यातच वारले. इंग्लंडला ते परत कधीच गेले नाहीत. परक्या मुलखात रुजायला त्यांना फार मोठी युक्ती लागली नाही. जे दिसतं ते नीट पाहायचं, जे कानावर पडतं ते नीट ऐकायचं आणि ज्याला आपल्याहून जास्त कळतं त्याला विचारायचं, मग तो नाखवा असो की साष्टीतला पुराण सांगणारा. एवढ्या भांडवलावर त्यांनी आपल्या भाषेत जे उभं केलं, ते मराठीतलं पहिल्या प्रतीचं काम आहे.

१६१६ च्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे ग्रंथ वाचला. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी तो मंगळुरूला छापला आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यात देवनागरीत आणला. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्या चार ओव्यांवर थांबू नका. मोठ्या ग्रंथालयात ‘ख्रिस्तपुराण’ मागून घ्या आणि एखादा अध्याय मोठ्याने वाचा.