बरण्यांतील मेंदू आणि तिघांचे ग्रंथ

ग्रंथालय म्हटले की कागद, शाई आणि कसर ह्यांचाच विचार मनात यावा, असा आपला रिवाज आहे. पण अमेरिकेतील न्यू हेवन येथे येल विद्यापीठाच्या वैद्यक ग्रंथालयाचा जिना उतरून जो खाली जाईल, त्याच्या दृष्टीस एका दालनात पुस्तकांच्या जोडीने पडतील त्या उजळलेल्या फळ्यांवर ओळीने मांडलेल्या काचेच्या बरण्या, आणि एकेका बरणीत द्रवात बुडालेला, कधी काळी कोणाचे तरी हिशेब, लोभ आणि धास्ती वाहिलेला मानवी मेंदू. अशा बरण्या तेथे ४०० हून अधिक आहेत. मेंदूच्या शस्त्रक्रियेस स्वतंत्र शाखेची प्रतिष्ठा मिळवून देणारे शल्यविशारद हार्वे कुशिंग (१८६९–१९३९) ह्यांनी आयुष्यभर जमविलेल्या संग्रहाचा हा अवशेष होय.

ह्या संग्रहाच्या मुळाशी एक गहाळपणा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कुशिंग बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात असताना त्यांच्या एका रुग्णाच्या गाठीचा नमुना विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे गेला आणि तिथेच कुठेतरी हरवला. दुसरा कोणी चार दिवस चरफडून गप्प बसला असता. कुशिंग ह्यांनी मात्र त्यापुढे आपल्या रुग्णांचे नमुने आपल्याच ताब्यात राहतील अशी तजवीज केली, आणि बॉस्टनमधील वीस वर्षांच्या कारकिर्दीत त्या हट्टाचे रूपांतर एका अजोड दप्तरात झाले. २,२०० हून अधिक रुग्णांची टिपणे, गाठींचे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे काप, शस्त्रक्रियेची स्वहस्ते काढलेली रेखाचित्रे आणि काचपट्ट्यांवर घेतलेली हजारो छायाचित्रे त्यात आहेत. एवढ्यावरही त्यांचे समाधान नव्हते. बरा होऊन घरी गेलेल्या रुग्णाने दरवर्षी शस्त्रक्रियेच्या तिथीस आपला हालहवाल पत्राने कळवावा, अशी त्यांची विनंती असे. आणि लोक तो कळवीतही.

हे दप्तर सांभाळले ते लुईस आयझनहार्ट ह्या बाईंनी. कुशिंग ह्यांच्या कचेरीत लेखनिक म्हणून त्या रुजू झाल्या, मध्येच वैद्यकाची पदवी घेऊन आल्या, आणि पुढे मेंदूतील गाठींच्या निदानात त्यांचा शब्द प्रमाण मानला जाऊ लागला. प्रत्येक रुग्णाची शस्त्रक्रिया आणि तिचा परिणाम त्या एका लहानशा वहीत टिपून ठेवीत. थोर पुरुषाच्या कीर्तीच्या हिशेबात अशा वह्यांची रक्कम सहसा कोणी धरीत नाही. माझ्या मते ती वही नसती तर ह्या बरण्या म्हणजे नुसते कुतूहलाचे सामान ठरल्या असत्या.

१९३३ मध्ये कुशिंग येलला आले, आणि मागोमाग हा संग्रहही. त्यांना जुन्या वैद्यकग्रंथांचेही वेड होते. १५४३ साली मानवी शरीराची रचना ग्रंथबद्ध करणारा, आणि त्या ग्रंथाचा सातवा भाग मुख्यतः मेंदूला वाहणारा व्हेसेलियस हे त्यांचे दैवत. आपला ग्रंथसंग्रह विद्यापीठास देताना त्यांनी आणखी दोन स्नेह्यांना गळ घातली: स्वित्झर्लंडमधील क्षयरोगतज्ज्ञ आर्नोल्ड क्लेब्स आणि येलमधीलच शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन फुल्टन. तिघांचे ग्रंथ एका छताखाली यावेत ह्या बेताबरहुकूम १९४१ मध्ये ग्रंथालय उघडले; पण ते पाहायला कुशिंग उरले नव्हते. मृत्यूनंतरच्या तपासणीत त्यांच्याही मेंदूत, त्यांना कधी जाणवलेली नसावी अशी, एक छोटीशी गाठ सापडली.

फुल्टन ह्यांच्या नावाने ही कथा मनोविकारांच्या इतिहासात शिरते, आणि तेथे ती तितकीशी सुखद नाही. त्यांच्या प्रयोगशाळेत बेकी आणि लूसी ह्या दोन चिंपांझी माद्यांच्या मेंदूचा पुढचा भाग काढून टाकण्यात आला होता. पूर्वी चुकले की थयथयाट करणारी बेकी त्यानंतर शांत झाली. हा वृत्तांत १९३५ साली लंडनच्या परिषदेत सांगितला गेला तेव्हा पोर्तुगालचे एगास मोनिझ तेथे हजर होते, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी मनोरुग्णांच्या मेंदूच्या पुढच्या भागावर शस्त्रक्रिया आरंभिली, जिच्यासाठी त्यांना १९४९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि जिने पुढे सहस्रावधी रुग्णांचे व्यक्तित्वच हिरावून घेतले. बेकीमुळेच मोनिझ ह्यांना ही कल्पना सुचली, असे फुल्टन सांगत. आपल्या मनात ती आधीपासूनच होती, असे मोनिझ म्हणत. ह्या वादात लूसीचे नाव मात्र क्वचितच निघते, कारण मूळची शांत लूसी शस्त्रक्रियेनंतर उलट चिडखोर झाली होती. सोयीचा अर्धा वृत्तांत जगभर फिरला आणि उरलेला अर्धा मूळ निबंधांतच पडून राहिला. जुने कागद जपावयाचे ते ह्यासाठी.

बरण्यांनाही असा विजनवास चुकला नाही. काळाच्या ओघात निदानाची साधने पालटली, संग्रहाची गरज संपली असे वाटू लागले, आणि सारे सामान विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या तळघरात कुलूपबंद झाले. कुलूप आणि विद्यार्थी ह्यांचे वैर सनातन आहे. रात्री चोरपावलांनी तळघरात शिरावे, धुळीतले मेंदू पाहावेत आणि तेथल्या फळ्यावर आपले नाव लिहून परतावे, अशी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांत परंपराच पडली. अशाच एका विद्यार्थ्याने पुढे ह्या संग्रहावर प्रबंध लिहिला. मग डागडुजी सुरू झाली, द्रव बदलले, काचपट्ट्या स्वच्छ झाल्या आणि २०१० मध्ये हे दालन खुले झाले. तेथील छायाचित्रांतून शस्त्रक्रियेपूर्वी टिपलेले स्त्रीपुरुष आणि मुले आजही सरळ आपल्याकडे पाहत असतात, आणि कित्येकांनी आपला हात चेहऱ्याशेजारी उंच धरलेला असतो.