शेवंतीला आधार हवा, पण सैल

बहराच्या भाराने शेवंती लवू लागली, की तिला काठीशी करकचून बांधण्याचा मोह होतो. ते टाळावे, कारण खोड बळकट होते ते हलण्यानेच. वनस्पतिशास्त्रज्ञ जाफी यांनी १९७३ मध्ये मांडले, की वारंवार हलके चोळलेली रोपे बुटकी राहतात. अनेकदा त्यांचे खोडही जाड होते. कुंडीतल्या रोपावर वारा हेच काम करतो. मग आधार नकोच का? हवा, कारण भरगच्च पाकळ्यांची फुले पावसाचे पाणी धरतात आणि तो भार चांगल्या खोडालाही पेलत नाही. सावलीत किंवा जादा युरियावर वाढलेले लुसलुशीत खोड तर आधीच आडवे होते. म्हणून कळ्या धरण्यापूर्वी, मुळे पसरायच्या आत काठी रोवावी आणि सुतळीचा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल वेढा घालावा.