विश्लेषण : सोसायटीचा सामाईक ‘ज्यूकबॉक्स’ कमांड लाइनवरून कसा चालवतात? रात्री दहाला तो स्वतःहून थांबू शकतो का?

ठाण्याचा घोडबंदर रोड, कल्याणचे खडकपाडा किंवा डोंबिवलीची निवासी वस्ती, कुठल्याही मोठ्या गृहसंकुलात क्लब हाऊस आणि त्यात एक स्पीकर असतोच. स्पीकर एक आणि त्याला जोडू पाहणारे फोन पन्नास. कुणाला अभंग हवे असतात, कुणाला नव्वदच्या दशकातली हिंदी गाणी, आणि पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना फक्त शांतता. हा तिढा सोडवण्यासाठी जगभरातील कार्यालये आणि वसतिगृहांत वीसहून अधिक वर्षे एक मोफत आज्ञावली वापरली जाते. ती रंगीबेरंगी ॲपवर अवलंबून नाही. काळ्या पडद्यावर टाइप केलेल्या दोन-तीन शब्दांच्या आज्ञांवरही ती पूर्ण चालते.

ब्लूटूथ स्पीकर असताना हे कशाला?

ब्लूटूथमध्ये गाणे फोनमध्ये वाजते आणि स्पीकर फक्त ते ऐकवतो. त्यामुळे ज्याचा फोन जोडलेला, त्याची सत्ता. त्याला घरून फोन आला की आरती मध्येच थांबते. व्हॉट्सॲपचा टिंगटिंग आवाज सगळ्या मांडवाला ऐकू जातो. तो माणूस दूध आणायला खाली उतरला की गाणेच बंद. सामाईक सर्व्हरची रचना याच्या उलट असते. गाणी एका कोपऱ्यातल्या लहान संगणकावर साठवलेली असतात, वाजवण्याचे कामही तोच करतो आणि त्याची तार थेट ॲम्प्लिफायरला जाते. बाकी सगळे फोन आणि लॅपटॉप त्याला फक्त निरोप देतात. हे गाणे रांगेत लाव, पुढचे वाजव, थांब. निरोप देणारा निघून गेला तरी गाणे चालू राहते.

मूळ ज्यूकबॉक्सची कल्पनाही हीच. २३ नोव्हेंबर १८८९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका मद्यालयात लुई ग्लास यांनी नाणे टाकून वाजणारा फोनोग्राफ बसवला. पुढे मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतही ज्यूकबॉक्स आले. यंत्र हॉटेलचे, गाण्याची निवड गिऱ्हाइकाची आणि क्रम नाण्यांचा. वाद फारसा होत नसे, कारण आवाजाची कळ गिऱ्हाइकाच्या हाती नव्हती. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

एमपीडी म्हणजे काय?

म्युझिक प्लेअर डीमन, म्हणजेच एमपीडी. वॉरन ड्यूक्स यांनी २००३ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. आज त्याची मुख्य देखभाल मॅक्स केलरमन करतात. लिनक्सच्या भाषेत ‘डीमन’ म्हणजे पडद्याआड सतत चालणारी सेवा. एमपीडीला स्वतःची खिडकी नाही, बटण नाही. ६६०० क्रमांकाच्या पोर्टवर तो निरोपांची वाट पाहत बसतो. निरोप साध्या मजकुराचे असतात, म्हणून त्याच्याशी बोलणारी साधने अनेक आहेत. अँड्रॉइडवर ॲप आहेत, संगणकावर खिडक्यांचे प्रोग्राम आहेत आणि कमांड लाइनसाठी ‘एमपीसी’ आहे.

जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय यासाठी पुरतो. डेबियन, उबंटू किंवा रास्पबेरी पाय ओएसवर एमपीडी आणि एमपीसी ही दोन्ही पॅकेजेस ‘एपीटी इन्स्टॉल’ने एका ओळीत बसतात. गाणी एका फोल्डरमध्ये टाकायची, तो पत्ता ‘एमपीडी डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये लिहायचा आणि ‘एमपीसी अपडेट’ म्हणायचे. यादी तयार होते.

आज्ञा नेमक्या कशा देतात?

या आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप करायच्या असतात. येथे त्या देवनागरीत लिहिल्या आहेत. नुसते ‘एमपीसी’ टाइप केले तर सध्या कोणते गाणे वाजते आहे, रांगेत ते कितवे आहे आणि आवाज किती टक्के आहे, हे तीन ओळींत दिसते. ‘एमपीसी प्ले’, ‘पॉज’, ‘नेक्स्ट’, ‘स्टॉप’ यांचे अर्थ सांगायला नकोत. ‘एमपीसी सर्च’ शोधते आणि ‘एमपीसी सर्चॲड’ शोधलेले सगळे थेट रांगेच्या शेवटी टाकते. ‘एमपीसी इन्सर्ट’ मात्र चालू गाण्याच्या लगेच पुढे घुसवते, म्हणजे रांगेत मध्येच शिरण्याची अधिकृत सोय. ‘एमपीसी सेव्ह’ आणि नाव दिले की आजची रांग जपून ठेवता येते, आणि पुढच्या संकष्टीला ‘एमपीसी लोड’ने तीच परत मिळते. ‘एमपीसी कन्झ्यूम ऑन’ केले की वाजून झालेले गाणे रांगेतून आपोआप निघते. सामाईक रांगेसाठी ही आज्ञा सर्वांत उपयोगी, कारण संध्याकाळी लावलेली गाणी रात्री पुन्हा फिरून येत नाहीत.

दुसऱ्या खोलीतून आज्ञा द्यायची तर ‘उणे एच’ लिहून सर्व्हरचा पत्ता द्यायचा. दर वेळी तो लिहायचा कंटाळा येतो, म्हणून ‘एमपीडी होस्ट’ या नावाने तो एकदाच नोंदवून ठेवता येतो.

बोट लावून चालणारी ॲप असताना टाइप कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे. रोजच्या वापराला ॲपच बरे. पण टाइप केलेली ओळ कागदावर लिहून ठेवता येते, दुसऱ्याला पाठवता येते आणि घड्याळाच्या हवाली करता येते. कमांड लाइनची खरी किंमत या तिसऱ्या गोष्टीत आहे.

आवाजाची कळ कुणाच्या हाती?

एमपीडी बसवला आणि पासवर्ड ठेवला नाही, तर जोडल्या जाणाऱ्या प्रत्येकाला सगळे अधिकार मिळतात. सेवा संपूर्ण नेटवर्कसाठी खुली केली असेल, तर सोसायटीच्या वायफायवर असलेला कुणीही रांग पुसू शकतो किंवा रात्री साडेअकराला आवाज शंभर टक्के करू शकतो. शाळकरी मुलांना ही कळ सापडायला दोन दिवस पुरतात.

उपाय त्याच कॉन्फ फाइलमध्ये आहे. एमपीडीत अधिकारांचे वेगवेगळे प्रकार आहेत. ‘रीड’ म्हणजे यादी आणि रांग पाहणे. ‘ॲड’ म्हणजे रांगेत गाणे टाकणे. ‘कंट्रोल’ म्हणजे चालू-बंद करणे, आवाज बदलणे, रांग पुसणे. ‘ॲडमिन’ म्हणजे सर्व्हरची व्यवस्था. अलीकडच्या आवृत्त्यांत ‘प्लेअर’ हा आणखी एक प्रकार वेगळा काढला आहे. ‘डीफॉल्ट परमिशन्स’मध्ये फक्त ‘रीड’ आणि ‘ॲड’ लिहायचे, आणि उरलेले अधिकार एका पासवर्डला जोडायचे. मग रांगेत गाणे टाकण्याचा हक्क प्रत्येक रहिवाशाला राहतो, आवाजाची कळ मात्र समितीने ठरवलेल्या दोन-तीन जणांकडे. इराणी हॉटेलातला जुना नियम सॉफ्टवेअरमध्ये उतरतो तो असा.

यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. गाणे रांगेत टाकल्याने थांबलेला सर्व्हर वाजू लागत नाही. वाजवणे हा वेगळा अधिकार आहे. म्हणजे एकदा सर्व्हर थांबवला, की रांगेत कितीही गाणी पडली तरी पासवर्ड असलेला माणूस ‘प्ले’ म्हणेपर्यंत शांतता राहते.

एक मर्यादाही सांगायला हवी. एमपीडी पासवर्ड साध्या मजकुरात पाठवतो, त्यामुळे त्याच नेटवर्कवरचा जाणकार तो वाचू शकतो. बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड येथे कधीच वापरू नये, आणि ६६०० हे पोर्ट राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटला उघडू नये.

कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० नुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४०. साधे बोलणे साधारण ६० डेसिबलच्या आसपास जाते, यावरून मर्यादा किती कडक आहे ते कळेल. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद. बंदिस्त सभागृहात, आतल्यापुरता वापर याला अपवाद आहे. सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात.

या नियमांच्या अंमलबजावणीचा लढा ठाण्याशी जोडलेला आहे. ठाण्यातील डॉ. महेश बेडेकर यांच्या २०१० च्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. अमजद सय्यद यांच्या खंडपीठाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. ध्वनिवर्धक वापरणे हा कुणाचाही मूलभूत हक्क नाही, हे त्यात स्पष्ट झाले. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातील रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. ध्वनिक्षेपकांतच आवाजाची पातळी आपोआप मर्यादित ठेवणारी यंत्रणा बसवण्याबाबत सरकारने विचार करावा, असे सांगितले. माणसाच्या समजूतदारपणावर विसंबण्यापेक्षा यंत्राला नियम शिकवा, असा त्याचा रोख. सोसायटीच्या पातळीवर यातला वेळेचा भाग आजच शक्य आहे.

मग दहा वाजता सर्व्हर कसा थांबतो?

लिनक्समध्ये ‘क्रॉन’ नावाचे वेळापत्रक असते. त्यात आधी मिनिट, मग तास आणि शेवटी आज्ञा लिहायची. पावणेदहाला ‘एमपीसी व्हॉल्यूम ३०’, नऊ पंचावन्नला ‘एमपीसी पॉज’. दोन ओळींत काम होते. आवाज आधी उतरला की बसलेल्या मंडळींना आपोआप इशारा मिळतो आणि ‘काका, आता बंद करा’ हे सांगायला खाली कुणाला यावे लागत नाही. वर सांगितलेले अधिकार लावले असतील, तर या ओळींतही सर्व्हरच्या पत्त्याआधी पासवर्ड आणि ‘ॲट’चे चिन्ह द्यावे लागते. ते राहिले तर सर्व्हर घड्याळाचीही आज्ञा नाकारतो आणि दहाला काहीच थांबत नाही.

आपल्याकडची खरी परीक्षा विजेची आहे. समजा, साडेनऊला गाणे चालू असताना वीज गेली आणि साडेअकराला आली. दहाची वेळ टळून गेलेली असते. एमपीडी आपली शेवटची अवस्था फाइलमध्ये लिहून ठेवतो, त्यामुळे सुरू होताच तो अर्धवट राहिलेले गाणे पुन्हा वाजवू लागतो. क्लब हाऊसमध्ये माणूस नाही आणि ॲम्प्लिफायर चालू! यासाठी कॉन्फ फाइलमध्ये ‘रिस्टोअर पॉज्ड’ या सेटिंगपुढे ‘यस’ लिहावे. मग वीज आल्यावर सर्व्हर थांबलेल्या अवस्थेतच उठतो. ज्यांनी एमपीडी बसवला आहे, त्यांनी आधी ही ओळ तपासावी.

दुसरा धोका घड्याळाचा. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही, आणि पाचव्या पिढीत ते असले तरी बॅटरी वेगळी लावावी लागते. वीज आली पण इंटरनेट आले नाही, तर त्याची वेळ चुकलेली राहते आणि क्रॉन त्या चुकीच्या वेळेनुसार चालतो. स्वस्त उपाय म्हणजे घड्याळाचे छोटे मॉड्यूल जोडणे, किंवा ती बॅटरी असलेला जुना लॅपटॉपच वापरणे.

डेसिबलच्या बाबतीत मात्र सॉफ्टवेअरचे हात बांधलेले आहेत. एमपीसीतले ‘३०’ म्हणजे तीस टक्के, तीस डेसिबल नव्हेत. ॲम्प्लिफायरची कळ पूर्ण फिरवलेली असेल तर तीस टक्केही शेजाऱ्याची झोप उडवतील. कळीची जागा एकदा ठरवून तिथे खूण करावी आणि ॲम्प्लिफायर कपाटात बंद ठेवावा. किल्ली कुणाकडे, हा प्रश्न त्या-त्या समितीचा.

मराठी गाणी शोधताना अडचण येते का?

येते. एमपीडी देवनागरी नीट हाताळतो, पण शोध घेतो तो फाइलमध्ये नोंदवलेल्या माहितीत. आपल्याकडच्या जुन्या एमपीथ्री संग्रहांत एकाच गायिकेचे नाव कधी रोमन, कधी देवनागरी, कधी तिसऱ्याच स्पेलिंगने असते, आणि गायकाच्या जागी गाणे उतरवलेल्या संकेतस्थळाची जाहिरातही सापडते. देवनागरीत ‘लता’ लिहून शोधले तर रोमन नोंदी हाती लागत नाहीत. ‘पिकार्ड’सारख्या मोफत साधनाने नोंदी एका लिपीत आणाव्या लागतात. काम चिकाटीचे आहे, सुट्टीतल्या कॉलेजच्या मुलांना देण्याजोगे.

ही गाणी सामाईक जागेत वाजवायला परवाना लागतो का?

जागेवर अवलंबून आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये निवासी इमारतीतील रहिवाशांच्या सामाईक खोलीत किंवा सभागृहात, मुख्यतः रहिवाशांसाठीची सोय म्हणून ध्वनिमुद्रण ऐकवण्याला सूट आहे. धार्मिक समारंभांना आणि लग्नाशी निगडित कार्यक्रमांनाही आहे. हॉटेल किंवा तशा व्यावसायिक जागेला यातली रहिवाशांची सूट मिळत नाही. त्यामुळे तोच एमपीडी डोंबिवलीतल्या एखाद्या कॅफेत किंवा कल्याणच्या जिममध्ये बसवला, तर ध्वनिमुद्रणाच्या आणि गीत-संगीताच्या हक्कधारकांचे परवाने पाहावे लागतात. क्लब हाऊसचे सभागृह बाहेरच्यांना भाड्याने देणाऱ्या सोसायट्यांनी त्या दिवसापुरता तरी हा फरक लक्षात ठेवावा. ही सूट फक्त गाणे ऐकवण्याला आहे. संग्रहातल्या फाइल्स विकत घेतलेल्या किंवा स्वतःच्या सीडीवरून उतरवलेल्या आहेत का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.