गायरान हिरवं, पण चारा कुठे?

मृगाचा पाऊस पडला की पंधरा-वीस दिवसांत गायरान हिरवंगार होतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, यंदा चाऱ्याची चंगळ आहे. पण शेळ्या घेऊन तिथे जाणाऱ्या बाईला विचारा. त्या हिरव्यात निम्मं गाजरगवत, बाकीचा टाकळा. जनावर त्याला तोंड लावत नाही. दिवाळी सरली की कडबा विकत आणावा लागतो आणि दुधाचे पैसे तिकडेच जातात.

आधी गाजरगवताचं सांगतो. नाव गवताचं असलं तरी ते गवत नव्हे, सूर्यफुलाच्या कुळातलं झाड आहे. मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे १९५५च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत भरलं. एका मोठ्या झाडाला १० हजारांहून जास्त बी येतं. त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दम लागतो. भुकेल्या जनावराने खाल्लंच तर दूध कडू होतं.

पण सगळा दोष त्याच्यावर टाकून चालणार नाही. ते शिरतं उघड्या जमिनीत. मारवेल, शेडा, डोंगरी ही आपली चांगली गवतं बारमाही आहेत. पावसात ती पानं वाढवतात आणि त्या बळावर मुळं खोल नेतात. कोंब वर आला की लगेच खुडला, असं दरवर्षी झालं तर मुळांना खायला काही उरत नाही, बीही धरत नाही. ठोंब मरतो, जागा उघडी पडते. खुरांनी माती घट्ट होते, पाणी मुरायच्या ऐवजी वाहून जातं आणि वरची कसदार माती सोबत नेतं. अशा जागेत जनावर न खाणारं तणच माजणार.

खात्री करायची तर गटातल्या दोघी-तिघींनी खुरपं आणि दोन तांबे पाणी घेऊन जा. एक जागा देवराईतली किंवा कुंपणातली, दुसरी गायरानातल्या पायवाटेजवळची. दोन्हीकडे वीतभर खणा. एकीकडे माती भुसभुशीत, मुळ्यांनी भरलेली लागेल. दुसरीकडे खुरपं खडखड वाजेल. मग शेजारच्या न खणलेल्या जागेवर तांब्याभर पाणी हळूहळू ओता आणि कुठे आधी मुरतं ते बघा.

गाजरगवत उपटायचं ते फुलाआधी, जमीन ओली असताना, मुळासकट. हाताला पिशवी किंवा जुने मोजे बांधा. फूल नसेल तर खड्ड्यात कुजवून खत होतं. फुलावर आलेलं मात्र खतात टाकू नका, बी शेतभर जाईल. पावसाळ्यात त्यावर पट्टेवाले छोटे भुंगे दिसले तर मारू नका. हे मेक्सिकन भुंगे १९८४मध्ये मुद्दाम आपल्या देशात सोडले गेले, ते त्याचाच पाला खातात. टाकळा दाट असेल तिथेही गाजरगवत दबतं, आणि कोवळ्या टाकळ्याची भाजी आपल्याला काही नवी नाही.

खरं औषध म्हणजे जमिनीला विसावा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी केली. जनावरं मोकळी न सोडता गवत विळ्याने कापून न्यायचं ठरवलं, सोबत पाणी अडवलं. तिथला चारा वाढला.

पण आमच्या मते हे जसंच्या तसं उचलू नये. जिच्याकडे जमीन नाही, फक्त चार शेळ्या आहेत, तिने बंदीच्या दिवसांत जायचं कुठे? बहुतेक ग्रामसभांत हा प्रश्न विचारणारी बाई मागेच बसलेली असते. त्यापेक्षा गायरानाचे चार भाग करा. एक भाग पूर्ण पावसाळा बंद, तीन चराईला. पुढच्या वर्षी दुसरा बंद. बंद भागातलं गवत वाटून घेताना बिनजमिनीच्या घरांचा वाटा आधी. ठराव मांडण्याआधी शेळ्यावाल्या बायांशी बोलून घ्या, नाहीतर कुंपण आठवडाभरही टिकणार नाही.

बंद भागात गवत फुलोऱ्यावर आलं की, साधारण दसऱ्याच्या आसपास, कापा. वाळून पिवळं पडेपर्यंत थांबलात तर कस जातो, आणि कुसळी असेल तर कुसळं जनावराच्या तोंडात रुततात. जमिनीपासून चार बोटं ठेवून कापा, मधे मधे पट्टे बियांसाठी राखा.

जिथे जमीन अगदी उघडी आहे तिथे जुलैत मारवेलचे ठोंब लावा. विकत आणायला नकोत, बांधावर, ओढ्याकाठी मिळतात. मुळांसकट काढायचे, वरचा पाला छाटायचा आणि भिजपावसात हात-हात अंतराने लावायचे. पहिलं वर्ष तिथे शेळी फिरकू द्यायची नाही.