पानिपतच्या वर्गखोलीत

प्राथमिक शाळेत शिकवावयाचे तर अध्यापनाची पदविका हवी, माध्यमिक शाळेत शिकवावयाचे तर बी. एड. हवे, परंतु महाविद्यालयात शिकवू इच्छिणाऱ्याकडे मात्र अध्यापनविद्येचा कोणताही दाखला मागितला जात नाही, ही विसंगती आपल्याकडे इतकी मुरली आहे की तिचे आश्चर्य वाटेनासे झाले आहे. पदव्युत्तर पदवी, १९८९ पासून चालत आलेली नेट परीक्षा आणि अलीकडे बहुधा पीएच. डी., एवढ्या शिदोरीवर तरुण अध्यापक रुजू होतो, आणि ऐंशी विद्यार्थ्यांचा वर्ग पन्नास मिनिटे कसा चालवावा हे त्याला विद्यार्थ्यांच्याच जिवावर शिकावे लागते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे काढली, २०१९ मध्ये नवागत अध्यापकांसाठी 'गुरुदक्षता' हा उपक्रम आखला. हे प्रयत्न स्वागतार्ह होतेच, परंतु अशा वर्गांच्या उपस्थितीची सांगड पदोन्नतीच्या अटींशी घातली गेल्यामुळे त्यांचा ठसा फळ्यासमोरच्या कामापेक्षा सेवापुस्तकातच अधिक उमटला, असे माझे मत आहे.

हा प्रश्न कोणत्याही गावी तपासता येईल, पण या लेखासाठी मी पानिपत निवडले आहे. मराठी मनाला हे नाव ऐकताच १४ जानेवारी १७६१ ची संक्रांत आठवते आणि तेथेच आपला विचार थांबतो. त्या रणभूमीभोवती आज हातमागाचे, गालिच्यांचे आणि जुन्या लोकरी कपड्यांपासून नवे सूत काढणाऱ्या गिरण्यांचे एक गजबजलेले शहर उभे आहे, आणि आर्य, आय. बी., एस. डी. यांसारखी कुरुक्षेत्र विद्यापीठाशी संलग्न असलेली महाविद्यालये तेथे आहेत, हे आपल्या ध्यानी क्वचितच येते. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांची नातवंडे, आसपासच्या खेड्यांतील हरियाणवी बोलणारी शेतकऱ्यांची मुले, उत्तर प्रदेश-बिहारातून गिरणीकामासाठी आलेल्या मजुरांची मुले, अशी तीन निराळ्या घरांची हिंदी या शहरात एकत्र नांदते. 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' या मोहिमेचा प्रारंभ २२ जानेवारी २०१५ रोजी याच शहरात झाला. ज्या घरातून आजवर कोणी मुलगी कॉलेजात गेली नव्हती अशा घरची मुलगी वर्गात येऊन बसते, तेव्हा तिला बोलते करणे हा अध्यापकाच्या कसोटीचा भाग ठरतो.

वर्ग ताब्यात ठेवण्याचे आपल्याकडील प्रचलित साधन म्हणजे हजेरीपट. पंचाहत्तर टक्के उपस्थितीचा नियम, परीक्षेला बसू न देण्याचा धाक, क्वचित कोणाला वर्गाबाहेर घालविण्याचा हुकूम, यांनी बाक भरतात हे खरे. परंतु भरलेला बाक आणि गुंतलेले मन यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जेकब कौनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने शालेय वर्गांचे दीर्घ निरीक्षण करून १९७० मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातील निष्कर्ष येथे फार उद्बोधक आहे. ज्यांचे वर्ग सुरळीत चालत आणि ज्यांचे चालत नसत, अशा दोन्ही प्रकारचे शिक्षक दंगा झाल्यावर जे काही करीत त्यात त्याला म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. फरक होता तो दंगा होण्यापूर्वीच्या कामात: पाठाची गती राखण्यात, वर्गभर नजर फिरती ठेवण्यात, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना पोकळी पडू न देण्यात. शिस्त ही शिक्षेने उभी राहत नसून पाठाच्या आखणीतून उभी राहते, ही गोष्ट महाविद्यालयालाही जशीच्या तशी लागू पडते.

आखणी म्हणजे काय, हे पानिपतच्याच एका पाठावरून पाहावे. इतिहासाच्या वर्गात तिसऱ्या युद्धाचा विषय निघाला आहे. रूढ रीत अशी की अध्यापकाने कारणे, घटना आणि परिणाम क्रमाने सांगावे व विद्यार्थ्यांनी ते उतरून घ्यावे. त्याऐवजी असे करता येईल की त्याने तीन कागदांचे हिंदी रूपांतर वर्गात वाटावे: मोती, मोहरा आणि खुर्दा अशा सावकारी परिभाषेत प्राणहानी कळविणारी ती सांकेतिक चिठ्ठी, जी भेलशाजवळ नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडली, शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या आणि लढाई जवळून पाहिलेल्या काशीराज पंडिताच्या फारसी वृत्तान्ताचा एक उतारा, आणि भाऊसाहेबांच्या बखरीतील एखादा परिच्छेद. मग फळ्यावर एकच प्रश्न लिहावा: हे लिहिणाऱ्याने स्वतः काय पाहिले असेल, आणि ऐकीव काय असेल? पाच मिनिटे प्रत्येकाने आपापले लिहावे, पाच मिनिटे शेजाऱ्याशी ताडून पाहावे, आणि त्यानंतरच अध्यापकाने तोंड उघडावे. त्र्यं. शं. शेजवलकरांनी आपल्या 'पानिपत : १७६१' या ग्रंथात मराठी आणि फारसी साधने एकमेकांशेजारी ठेवून जी पारख केली, तिची पहिली पायरी अशा रीतीने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही चढता येते.

येथेच एक नाजूक प्रसंग उद्भवतो. पानिपत, कर्नाल, कुरुक्षेत्र या भागांतील रोड समाजात अनेकजण स्वतःला युद्धातून वाचून तेथेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. या मताविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. अशा घरातील एखादा विद्यार्थी उठून म्हणाला की आमचे आजोबा असे सांगत, आणि मागच्या बाकावरून कोणी त्याची टर उडविली, तर वर्ग हाताबाहेर जाण्यास एक क्षण पुरे होतो. अध्यापकाने त्या वेळी ना त्या आठवणीवर शिक्कामोर्तब करावे, ना तिची बोळवण करावी; फळ्यावरचाच प्रश्न तिलाही लावावा. आजोबांना हे कोणी सांगितले, केव्हा, कशाच्या आधाराने? बखरीला जी कसोटी तीच घरच्या आठवणीला, आणि टर उडविणाऱ्याच्या विधानालाही तीच. सर्वांना एकच नियम लागू आहे असे दिसले की भांडणाचे चर्चेत रूपांतर होते. वर्गव्यवस्थापनाचे याहून मोठे रहस्य मला ठाऊक नाही.

प्रश्न विचारल्यानंतर थांबणे हीदेखील एक विद्या आहे. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले की शिक्षक प्रश्न टाकल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात; तो अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढविला तर उत्तरे लांबतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. विज्ञान विषयांतील २२५ अभ्यासांचा जो एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या नापास होण्याची शक्यता कृतिशील वर्गांतील विद्यार्थ्यांच्या दीडपट आढळली. मोबाइल गोळा करून टेबलावर ठेवण्याचा शिरस्ता काही ठिकाणी आहे. निरुपाय झाल्यास तो करावा, पण हातात लेखणी आणि समोर प्रश्न असला तर त्याची गरज पुष्कळ कमी होते.

पानिपतने एक थोर शिक्षक याआधीच दिला आहे. १८३७ मध्ये तेथे जन्मलेले ख्वाजा अल्ताफ हुसैन हाली तरुणपणी विद्येसाठी घर सोडून दिल्लीस आले, पण ज्या वर्तुळात ते वावरत तेथे इंग्रजी विद्येची इतकी अवहेलना होती की शहरातील प्रसिद्ध दिल्ली कॉलेज त्यांनी डोळ्यांनी पाहिलेसुद्धा नाही. पुढे तेच हाली दिल्लीच्या अँग्लो-अरेबिक शाळेत शिकवू लागले. १८७४ मध्ये लाहोरच्या मुशायऱ्यांत कवींना ठराविक ओळ देण्याची प्रथा मोडून विषय दिला जाऊ लागला, तेव्हा त्यांनी त्यात हिरिरीने भाग घेतला. साचा न देता विषय द्यावा आणि आपल्या शब्दांत मांडावयास सांगावे, हेच तर वर्गातील प्रश्नपद्धतीचे सार आहे. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणारे 'मजालिसुन्निसा' हे त्यांचे पुस्तकही त्याच काळातील.

आपल्याकडेही परंपरा तोकडी नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सुमारे दीड तप वर्ग घेतले. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' या तत्त्वाने श्रम करणाऱ्या विद्यार्थ्याला मानाने वर्गात बसविले. गिरणीतून किंवा दुकानातून थेट तासाला येणारा पानिपतचा मुलगा त्याच जातकुळीचा आहे. त्याला उशीर झाल्याबद्दल वर्गासमोर फैलावर घेण्याऐवजी तासाच्या आरंभीचा प्रश्न फळ्यावर राहू दिला, तर तो दाराशी न घुटमळता कामाला लागतो.

या अंकाच्या वाचकांत अनेक प्राध्यापक आणि काही प्राचार्य असतील. नवीन अध्यापक रुजू झाला की पहिल्याच दिवशी पूर्ण वेळापत्रक त्याच्या हाती देण्याऐवजी, पहिल्या सत्रात त्याला आठवड्यातून दोन तास अनुभवी सहकाऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसू द्यावे, आणि त्या सहकाऱ्यानेही एक तास त्याच्या वर्गात येऊन बसावे. यासाठी ना नवा निधी लागतो ना शासनाचा हुकूम. येत्या जूनपासून आपापल्या महाविद्यालयात त्यांनी हे सुरू करावे, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.